झटकलेली धूळ जाते कुठे?



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांचा फोन आला होता. धूळ म्हणजे नेमकी कोणती, असं त्यांनी अदबीनं विचारलं. इतिहासावर साचलेली की मनावर साचलेली? मी म्हटलं, पंख्यावर साचलेली. ते क्षणभर थांबले आणि ‘वा, वेगळा विषय आहे’ म्हणाले. असं आपण कधी म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या बाईंना हा विषय वेगळा वाटला नसता. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि तास सुरू होण्याआधी प्रयोगशाळेची टेबलं विद्यार्थ्यांकडून ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या. मुलींकडून आणि मुलग्यांकडूनही. कोणाच्या हातात कोरडं फडकं दिसलं की ओरडायच्या. आजचं व्याख्यान म्हणजे त्या ओरडण्याचं स्पष्टीकरण समजा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना बस गाठायची आहे त्यांची सोय होईल. आपल्या घरांत झाडलोट भरपूर होते, पण धूळ फारशी घराबाहेर जात नाही, ती जागा बदलते. सकाळी फरशीवर असते, झाडताना हवेत जाते, दुपारपर्यंत टीव्हीवर आणि टीपॉयवर येऊन बसते, आणि या प्रवासात तिचा काही भाग झाडणारीच्या छातीत उतरतो. धूळ धरायची असते आणि आपण ती उडवतो. हे आळसामुळे होत नाही, अज्ञानामुळेही फारसं होत नाही. आपल्या सकाळच्या वेळापत्रकामुळे होतं. ते कसं, ते पुढे सांगते.

कौलारू घरात वाढलेल्यांनी कवडशात नाचणारे कण तासन् तास पाहिलेले असतात. आपल्या पूर्वजांनीही ते पाहिले आणि त्या कणाला त्रसरेणू म्हटलं. मनुस्मृतीत वजनांची उतरंड दिली आहे, तिची सुरुवातच जाळीतून येणाऱ्या उन्हात दिसणाऱ्या या कणापासून होते. डोळ्याला दिसणाऱ्या जगाची खालची हद्द म्हणजे धुळीचा कण.

२१ जानेवारी १८७० रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञानं धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिलं. तेव्हा विषय ‘वेगळा’ आहे असं कोणी त्याला म्हटलं की नाही, देव जाणे. त्याच्याकडे प्रखर प्रकाशझोत होता. झोतात हवेतले कण लखलखत होते. त्यानं झोताखाली स्पिरिटचा पेटता दिवा धरला, तर ज्योतीच्या वर काळे लोळ उठताना दिसू लागले. पाहणाऱ्याला वाटावं, धूर निघतोय. प्रत्यक्षात तो काळोख धुराचा नव्हताच. तिथले कण जळून गेले होते आणि प्रकाश परतवायला हवेत काही उरलं नव्हतं, म्हणून तेवढी जागा काळी दिसत होती. कण जळाले, अर्थात त्यांतले पुष्कळसे सेंद्रिय होते. समोर बसलेली प्रतिष्ठित मंडळी तेच कण श्वासातून आत घेत होती.

हा प्रयोग तुम्ही आज रात्री दिव्याशिवाय करू शकता. खोलीतले दिवे घालवा, पंखा बंद करा, मोबाईलचा टॉर्च पलंगाच्या कडेशी आडवा धरा आणि गादीवर एकदा हात आपटा. झोताकडे बाजूनं पाहा. नंतर झोप लागली नाही तर मला दोष देऊ नका.

टिंडलच्या आधी दहा-अकरा वर्षं, १८५९ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक बाहेर आलं. दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून आपण तिला ओळखतो. हिशोबाला आणि आकडेवारीला ती किती पक्की होती हे पाठ्यपुस्तकात फारसं येत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता, तोही खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल, हे तर त्याहून कमी जणांना माहीत असतं. त्या पुस्तकात तिनं फडक्यानं धूळ झटकण्याची पद्धत चांगलीच झोडपली आहे. तिचा मुद्दा असा की या झटकण्यानं धूळ खोलीभर सारखी वाटली जाते, खोलीतून जात मात्र नाही. धूळ काढायची असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. दीडशेहून अधिक वर्षं झाली, आपल्याकडे अजून पिसांचे रंगीबेरंगी डस्टर सिग्नलवर विकायला येतात आणि आपण काच खाली करून ते घेतो.

तिसरी गोष्ट १९०१ सालची. ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं लंडनमध्ये सफाईच्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र जोरानं हवा फुंकून धूळ उडवत होतं. बूथला वाटलं, हे उलटं करायला हवं. त्यानं एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल टाकला, त्यावर तोंड टेकवलं आणि जोरात श्वास आत ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला होता. व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना तिथे पक्की झाली. त्याचं यंत्र इतकं अवाढव्य होतं की घोडे जुंपून रस्त्यावरून आणायचे आणि खिडक्यांमधून घरात नळ्या सोडायचे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्यानं साफ केले. या सगळ्यातली मोलाची गोष्ट तो रुमाल. नुसतं ओढून भागत नाही, मध्ये धरणारं काहीतरी लागतं.

आता थोडं गणित. मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे एवढं सहन करावं लागेल. हवेतून पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. जॉर्ज स्टोक्सनं १८५१ साली मांडलेल्या सूत्रातून हे निघतं. व्यास दहापट कमी झाला की पडण्याचा वेग शंभरपट कमी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण दोन मीटर उंचीवरून सोडला तर आठ-दहा सेकंदांत जमिनीवर येतो. ही ती कचकच, जी अनवाणी पायांना लागते. १० मायक्रॉनच्या कणाला अकरा मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला पावणेतीन तास. एक मायक्रॉनचा कण असेल तर सुमारे सोळा तास, आणि तेही हवा पूर्ण निश्चल असेल तर. वर पंखा फिरत असेल तर या हिशोबाला अर्थच नाही, तो कण तरंगतच राहतो.

हे आकडे घेऊन आपण कुठल्याही शहरी मराठी घरात सकाळी जाऊ. कामाला येणाऱ्या ताई बेल वाजवतात. त्यांचं काम ठरलेलं, केर-फरशी, महिन्याचे इतके. अशी पाच-सहा घरं त्यांना गाठायची असतात, म्हणून एका घराला पंधरा-वीस मिनिटं. झाडू घेतात, एका दमात तिन्ही खोल्या झाडतात. पंखा चालूच असतो, कारण घाम येतो आणि घरातले लोक त्याखाली बसलेले असतात. केर सुपलीत भरला की लगेच बादली आणि फडकं. फरशी पुसून होते तेव्हा झाडताना उडालेली धूळ निम्म्या वाटेवर असते. फरशी वाळते, ताई पुढच्या घरी पोचतात, आणि मग ती बारीक धूळ सावकाश त्या पुसलेल्या फरशीवर, टीपॉयच्या काचेवर, देव्हाऱ्यातल्या फोटोंवर उतरते. संध्याकाळी कोणीतरी काचेवरून बोट फिरवून म्हणतं, ‘बाई नीट पुसतच नाही.’

बाई नीट पुसतात. दोन कामांमध्ये अवकाश हवा, तो त्यांच्या वेळेत बसत नाही, आणि त्यांची वेळ आपणच ठरवलेली असते.

याला फुकटचा तोडगा आहे. त्याच ताई भांडीही घासत असतील तर क्रम बदला. आल्याबरोबर केर, मग भांडी, शेवटी फरशी. भांड्यांना लागणाऱ्या वेळात दहा मायक्रॉनपर्यंतचा बराचसा माल खाली येऊन बसतो आणि फडक्याला सापडतो. झाडताना पंखा बंद, आणि बसलेल्यांनी त्या पाच मिनिटांत गॅलरीत जावं. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिचा केर भरायला येतो. आपल्या घरांतले विठ्ठल पेपर वाचत पाय तेवढे वर घेतात.

ताई फक्त केर-फरशीला येत असतील तर रोज झाडण्याचा हट्ट सोडावा. मोठा कचरा हातानं उचलला आणि फरशी थेट नीट पिळलेल्या ओलसर मॉपनं पुसली तर धूळ उडायच्या आधीच पकडली जाते. आणि मॉप लांब दांड्याचा घ्या. ‘उभ्यानं पुसलं की कोपरे निघत नाहीत’ हे मी असंख्य वेळा ऐकलं आहे. उकिडवं बसून पुसणाऱ्या बाईचं नाक फरशीपासून दीड-दोन फुटांवर असतं, अगदी जिथे धूळ सर्वांत दाट उठते तिथे. कोपऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा खाली बसता येईल. गुडघ्यांचाही प्रश्न आहेच, पण तो अस्थिरोगतज्ज्ञांच्या व्याख्यानात येईल.

बादलीबद्दल एकच वाक्य: पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर दिवाणखान्याची धूळ स्वयंपाकघरात वाळत घातल्यासारखं होतं.

आपली जुनी पद्धत बरोबर होती का, असा प्रश्न इथे कोणीतरी विचारतंच. अंगणात आधी सडा पडायचा, मग झाडलं जायचं. शेणानं सारवलेली जमीन सुटी माती धरून ठेवायची. हे शहाणपण होतं यात शंका नाही, पण ते अंगणाचं आणि मातीच्या जमिनीचं शहाणपण होतं. गाडगेबाबांचा खराटा गावच्या रस्त्यासाठी होता, खिडक्या बंद असलेल्या टू बीएचकेसाठी नव्हता. अंगण गेलं, सडा गेला, सारवण गेलं. कोरडा झाडू तेवढा आपण गुळगुळीत टाईल्सवर घेऊन आलो. जुन्यातला नेमका अर्धा भाग उचलला, आणि तोही चुकीचा.

धूळ कशाची असते? व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप सांगतो की घरातली बहुतेक धूळ माणसाच्या त्वचेची असते. हे विधान सरसकट कुठल्याही घराला लागू करता येत नाही. रस्त्याकडेच्या घरात खनिज माती आणि टायर-ब्रेकची झीज जास्त असते, पडदे-गालिचे फार असलेल्या घरात कापडाचे तंतू. आपल्याकडे आणखी काही खास वाणं मिसळतात. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची पूड, ती दारातच असते आणि चपलेबरोबर आत येते. निरांजनाची काजळी, उदबत्तीचा धूर, फोडणीचा तेलकट वाफारा. हा वाफारा विशेष त्रासदायक, कारण त्यात धूळ चिकटते आणि स्वयंपाकघरातल्या पंख्यावर जो काळा थर बसतो तो मग साबणाशिवाय हलत नाही. डासांच्या कॉइलचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते. अशी कॉइल पेटवून आपण बाळाच्या खोलीचं दार लावून घेतो. मच्छरदाणी टांगायला कंटाळा येतो.

बाहेरची धूळ कुठून येईल याचाही नेम नाही. जानेवारी २०२२ मध्ये कराचीकडून अरबी समुद्र ओलांडून आलेल्या धुळीच्या लोटानं मुंबईचं आकाश पांढुरकं झालं होतं, सकाळी गाड्यांच्या टपांवर पिठूळ थर होता. अशी धूळ अधूनमधून येते. रोजची धूळ शेजारच्या बांधकामाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेनं बांधकामांसाठी नियमावली काढली, त्यात पत्र्याचं उंच कुंपण, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, ट्रकवर ताडपत्री हे सगळं आहे. आपल्या गल्लीत यातलं काय दिसतं ते प्रत्येकानं आपापल्या गॅलरीतून पाहावं आणि वॉर्ड ऑफिसला लेखी कळवावं. धुळीबाबत सर्वांत स्वस्त सफाई म्हणजे ती आत येऊ न देणं, आणि त्यासाठी कधी कधी फडक्याऐवजी अर्ज लागतो.

दाराशी चपला काढण्याची आपली रीत याच कारणासाठी उत्तम आहे. मात्र अलीकडे चपलांचं कपाट दाराच्या आत आलं आहे का, हे तपासून पाहा. पायपुसणी दोन हवीत: बाहेर काथ्याचं, आत सुती. आणि ती झटकायची तर गॅलरीच्या कठड्यावरून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नव्हे. हा सल्ला आरोग्यापेक्षा शेजारधर्मासाठी आहे. हिवाळ्यात पहाटे हवा जड असते, धूर-धूळ जमिनीलगत अडकून राहते, म्हणून ‘सकाळची ताजी हवा’ म्हणून खिडक्या उघडण्यापेक्षा उन्हं चढल्यावर उघडाव्यात.

आता पलंगाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरातला सर्वांत महत्त्वाचा धूळसाठा फरशीवर नसतो, गादीत असतो.

१९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीची ॲलर्जी म्हणतात ती मुख्यतः एका सूक्ष्म अष्टपाद जिवामुळे होते. हा माइट एक तृतीयांश मिलिमीटरही लांब नसतो. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून झडलेली त्वचा खातो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो, आणि हाच त्याचा कच्चा दुवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ निम्म्याखाली राहिली तर तो सुकून मरतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता निम्म्याच्या आसपासही येत नाही, शिवाय गादीत आपल्या अंगाची ऊब. त्याचा संसार जोरात चालतो.

आपल्याला शिंका येतात, दमा उठतो, तो या जिवाच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. त्या गोळ्या साधारण वीस मायक्रॉनच्या. मघाचं गणित लावा: वीस मायक्रॉनचा कण फार वेळ तरंगत नाही, मीटरभर उंचीवरून दीड-एक मिनिटात खाली येतो. तेव्हा खोलीत हवा शुद्ध करणारं महाग यंत्र ठेवून माइटच्या ॲलर्जीत फार फरक पडण्याची शक्यता कमी, कारण माल हवेत नाहीच. तो उशीत आहे, आणि आपण रात्रभर उशीत नाक खुपसून झोपतो.

मग काय करायचं? घटस्थापनेच्या आधी गावोगावच्या बायका घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, चादर नदीवर नाहीतर ओढ्यावर नेऊन धुतात. खडकावर आपटून, पायांनी तुडवून धुतलेल्या त्या गोधड्या काठावरच्या दगडांवर, झुडपांवर, कुंपणांवर पसरलेल्या असतात. ओली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते आणि पिळताना मधोमध दोर वळल्यासारखी ती आखडते. मुळात सोवळ्या-ओवळ्याचा भाग असेल, पण वेळ बघा. पावसाळा नुकताच सरतोय, गाद्यांतले माइट भरात आहेत, आणि भाद्रपदातलं ऊन कडक आहे. धुण्यानं ॲलर्जी देणारी प्रथिनं वाहून जातात, ती पाण्यात विरघळतात, थंड पाण्यातही. माइट मात्र थंड पाण्यानं मरत नाही, त्याला ६० अंश सेल्सियसचं पाणी लागतं किंवा मग चांगलं सुकवणारं ऊन. नुसतं ऊन दिलं तर माइट मरतो, विष्ठा तशीच राहते. नुसतं थंड पाण्यात धुतलं तर विष्ठा जाते, माइट राहतो. नदीवरच्या त्या खेपेत दोन्ही होतं. फक्त वर्षातून एकदा होतं, ही अडचण.

आपण काय करावं, तर अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात. बऱ्याच वॉशिंग मशीनवर ६० अंशांची खूण असते, ती बहुतेक घरांत अस्पर्श असते. गादीला घट्ट विणीचं, चेन असलेलं आवरण घालावं. सकाळी उठल्या उठल्या अंथरूण नीटनेटकं झाकून ठेवण्यापेक्षा तासभर उघडं ठेवावं, रात्रीचा घामाचा ओलावा उडू द्यावा. हे वाक्य शिस्तप्रिय आयांना आवडणार नाही. मुलांची फरची खेळणी धुता येत नसतील तर पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि नंतर ओलसर फडक्यानं पुसावीत. पिंजारी दारावर यायचा तेव्हा कापसाची गादी काही वर्षांनी उसवली जायची, कापूस पिंजून उन्हात पडायचा. आता फोमची गादी दहा वर्षं हमीसकट तशीच पडून असते. हमी गादीची असते, आतल्या रहिवाशांची नसते.

इथे एक इशारा. दमा आहे म्हणून नुसतं आवरण आणून भागत नाही. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ आवरणं घातल्यानं प्रौढांच्या दम्यात लाभ दिसला नाही. कपाटातलं एखादं औषध आणावं तसा एकच उपाय उचलून आणायची आपल्याला हौस असते. धुणं, ऊन, ओलं पुसणं, खोली कोरडी ठेवणं हे सगळं एकत्र चाललं तर उपयोग होण्याची आशा असते, आणि दम्याचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायचं नसतंच.

साधनांबद्दल झटपट. नवा फुलझाडू आणला की पहिले काही दिवस तोच घरभर भुसा सांडतो. वापरण्याआधी बाहेर जमिनीवर सपासप आपटून घ्यावा, नंतर ओल्या फडक्यानं त्याचा फुलोरा पुसावा. हिरांचा खराटा गच्चीसाठी आणि अंगणासाठी. लक्ष्मीपूजनाला केरसुणी पुजावी, जरूर पुजावी, पण वर्षभर दाराआड तिच्यावरच धूळ साचलेली नसावी. मायक्रोफायबरचं फडकं चांगलं, कारण त्याचे तंतू चिरलेले असतात, आडवा छेद घेतला तर संत्र्याच्या फोडींसारखा दिसतो, आणि त्या फटींत धूळ अडकते. ते किंचित ओलं करून वापरावं, आणि धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य त्यात घालू नये, फटी बुजतात. व्हॅक्यूम क्लीनर घेणार असाल तर त्याच्या मागच्या बाजूनं निघणारी हवा कुठून गाळून येते ते दुकानदाराला विचारा. साध्या पिशवीतून सर्वांत बारीक कण आरपार जातात, म्हणजे यंत्र पुढून ओढतं आणि मागून फवारतं. हेपा गाळणी असेल तर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात, तेही यंत्राचे सांधे घट्ट असतील तर.

पुसायचं वरून खाली. आधी जळमटं, मग पंखा, मग कपाटांचे माथे, शेवटी जमीन. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा मोज्यासारखा चढवावा आणि दोन्ही बाजूंनी दाबत बाहेर ओढावा, सगळी धूळ आत राहते, पलंगावर पडत नाही. अभ्रा तसाच उलटा न करता बाहेर नेऊन पाण्यात बुडवावा. पुस्तकं पुसताना पुस्तक घट्ट मिटून धरावं आणि वरच्या कडेवरून पुठ्ठ्याच्या पाठीपासून बाहेरच्या दिशेनं फडकं न्यावं, नाहीतर धूळ पानांत शिरते. सरकत्या खिडक्यांची चॅनेल्स ओली करूनच काढावीत. कोरड्या ब्रशनं ती काढणं म्हणजे वर्षभराची ठेव एका दिवसात खर्च करणं.

जुन्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी मात्र हे झटपट सांगता येणार नाही. दारा-खिडक्यांवरचा पोपडे सुटलेला जुना तेलरंग हा साधा कचरा नाही, त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारे नियम २०१६ साली झाले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग भिंतींवर, गजांवर अजून आहे. रांगणारं मूल हात फरशीवर टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशाचा परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो. असा रंग कोरड्या सॅण्डपेपरनं घासायचा नाही. रंगारी घाईत असला तरी ओलं करूनच घासायला लावायचं, लहान मुलं आणि गर्भवती त्या दिवशी दुसऱ्या घरी, आणि फरशी झाडायची नाही, पुसायची. त्या खिडकीखालची जागा रोज पुसली पाहिजे, दिवाणखाना एखाद्या दिवशी राहिला तरी चालेल.

राहता राहिला केर. सुपलीतला केर उंचावरून डब्यात उलटा केला की बारीक भाग पुन्हा ढगासारखा वर येतो, हे आपण रोज पाहतो. सुपली डब्यात खोल नेऊन हळू रिकामी करावी, वर ओलसर वर्तमानपत्राचा तुकडा टाकावा आणि झाकण लावावं. व्हॅक्यूमची पिशवी गॅलरीत झटकू नये.

आणि सोसायटीचा जिना. सकाळी सात-साडेसातला सफाई कर्मचारी वरच्या मजल्यापासून कोरडा झाडू मारत खाली येतात, नेमक्या त्याच वेळी दुधाच्या पिशव्या उचलायला आणि मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला सगळी दारं उघडतात. आपण घरात कितीही पुसलं तरी चार मजल्यांची धूळ उंबरठ्यावर येऊन उभी असते. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाआधी पाच मिनिटं मागून घ्या. जिना झाडण्याआधी पाणी शिंपडायचं किंवा थेट ओल्या मॉपनं पुसायचा, वेळ मुलं शाळेत गेल्यानंतरची, आणि कर्मचाऱ्याला मास्क आणि लांब दांड्याचा मॉप सोसायटीच्या खर्चानं. ठराव लेखी घ्या, नाहीतर सेक्रेटरी बदलले की झाडू पुन्हा कोरडा होतो.

प्रश्न असतील तर विचारा. कुठल्या कंपनीचा व्हॅक्यूम घ्यावा, हा सोडून.